संगणक ‘बंद’ असतो म्हणजे काय?

पंखा बंद केला की पाती थांबतात, दिवा बंद केला की अंधार होतो. ‘बंद’ या शब्दाचा अर्थ आपण लहानपणापासून असा डोळ्यांनी शिकलेलो असतो. त्यासाठी कोश उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हा सरळ अर्थ पुरा पडत नाही. पडद्यावर ‘शट डाउन’ची आज्ञा द्यावी, पंख्याचा आवाज थांबावा, पडदा काळा व्हावा, आणि तरीही माऊसच्या पोटाखालचा तांबडा दिवा जळतच राहावा, कीबोर्डच्या कळा उजळलेल्या दिसाव्यात, मागच्या बाजूस इंटरनेटची केबल जेथे बसते तेथील हिरवा ठिपका मधूनमधून लुकलुकावा, हा अनुभव बहुतेकांना आलेला असेल. बंद संगणकाला मोबाईल जोडला तरी तो चार्ज होतो, हेही पुष्कळांना ठाऊक आहे.

याची कारणे विचारली की निरनिराळी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, अर्थिंग नीट नसेल. कोणी म्हणतो, संगणकात व्हायरस शिरला असेल. कोणी म्हणतो, आत बॅटरी असते, तिच्यावर हे दिवे चालतात. यांपैकी एकही उत्तर खरे नाही. खरे उत्तर असे की, हा दोष नसून मुद्दाम केलेली रचना आहे. संगणक ‘बंद’ असताना त्याचा एक लहानसा भाग जागा राहावा, अशीच योजना आहे. मी वाङ्मयाचा विद्यार्थी. विद्युत्शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या यंत्रावर आपण रोज निबंध आणि टिपणे टंकलिखित करतो, त्याचे ‘बंद’ असणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी विज्ञान शाखेत जाण्याची गरज नाही. शिवाय हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्यात विजेच्या बिलाचा भाग आहे, आणि त्याहून महत्त्वाचा असा सुरक्षिततेचाही भाग आहे. या दोहोंचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुने बटण आणि नवे बटण

आय.बी.एम. कंपनीने १९८१ मध्ये आपला पहिला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस एक मोठा तांबडा खटका होता. तो खाली पाडला की विजेची वाट प्रत्यक्षात तुटत असे. भिंतीवरचे बटण आणि हा खटका यांच्या कामात काहीच फरक नव्हता. पुढे १९८४ मध्ये त्याच कंपनीचे ‘ए.टी.’ नावाचे यंत्र आले आणि त्या धर्तीची यंत्रे जगभर तयार होऊ लागली. उभ्या पेटीच्या यंत्रांत हे बटण समोरच्या बाजूला आले, पण त्याचा स्वभाव बदलला नाही. भिंतीतून येणारी वीज जाड केबलने त्या बटणापर्यंत येई आणि तेथेच जोडली किंवा तोडली जाई. त्या काळी संगणक बंद म्हणजे खरोखरच बंद असे.

या पद्धतीत एक अडचण होती. संगणकाला स्वतःहून स्वतःला बंद करता येत नसे. ‘विंडोज ९५’ या प्रणालीत काम संपवण्याची आज्ञा दिली की, ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचे वाक्य काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत उमटे आणि यंत्र वाट पाहत राही. शेवटचे काम मनुष्याच्या बोटाने व्हावे लागे.

१९९५ मध्ये इंटेल कंपनीने ‘ए.टी.एक्स.’ नावाची नवी रचना जाहीर केली. मदरबोर्डचा आकार, पेटीची मांडणी, वीजपुरवठ्याच्या तारा अशा पुष्कळ गोष्टी तीत ठरवून दिल्या होत्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच. समोरच्या बटणाकडून वीज तोडण्याचे काम या रचनेने काढून घेतले. तेव्हापासून ते बटण म्हणजे दारावरची घंटा झाले आहे. घंटा वाजवणारा दार उघडत नाही; तो आतल्या माणसाला फक्त कळवतो. दार उघडावयाचे की नाही, आणि केव्हा, हे आतला माणूस ठरवतो.

आता साधा तर्क पाहा. घंटा ऐकण्यासाठी घरात कोणीतरी जागे असावे लागते. सगळे घर गाढ झोपले तर घंटा वाजवून उपयोग काय? बटण दाबल्याची नोंद घेण्यासाठी बंद संगणकातही एखादा भाग विजेवर जागा असलाच पाहिजे. माऊसच्या तांबड्या दिव्याचे मूळ येथे आहे.

एका डब्यात दोन वीजपुरवठे

ज्याला आपण बाजारात ‘एस.एम.पी.एस.’ म्हणतो, तो पत्र्याचा डबा संगणकाच्या पेटीत मागच्या बाजूला बसवलेला असतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट दिशेने वाहणारी वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. बाहेरून हा डबा एकच दिसतो, पण ए.टी.एक्स. पद्धतीत त्याच्या पोटात दोन वेगवेगळे वीजपुरवठे असतात.

पहिला मुख्य आणि मोठा. संगणक चालू असताना प्रोसेसर, डिस्क, पंखे हे सर्व याच्यावर चालतात. दुसरा अगदी लहान. तो फक्त ५ व्होल्टची वीज देतो आणि साधारणतः दोन ते तीन अँपिअरपर्यंतच देऊ शकतो. याला ‘स्टँडबाय’ म्हणजे तिष्ठत राहिलेला पुरवठा म्हणतात. भिंतीतून वीज मिळत आहे तोवर हा लहान पुरवठा अखंड चालू असतो. त्याला संगणकाच्या चालू-बंद असण्याशी कर्तव्य नसते.

एस.एम.पी.एस.मधून मदरबोर्डकडे जाणारा तारांचा जाड झुपका पाहिला, तर हे रंगांवरूनही ओळखता येते. जांभळी तार या स्टँडबाय विजेची. हिरवी तार निरोपाची. मदरबोर्डने हिरवी तार जमिनीच्या पातळीला, म्हणजे शून्य व्होल्टला, नेऊन धरली की मुख्य पुरवठा चालू होतो; सोडून दिली की बंद होतो. सगळे दाब योग्य पातळीवर आले की एस.एम.पी.एस. राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असे कळवतो, आणि मग प्रोसेसर कामाला लागतो. (अलीकडच्या काही डब्यांत सर्वच तारा काळ्या असतात, तेथे रंगांची ही खूण चालत नाही.)

आपण समोरचे बटण दाबतो तेव्हा जे घडते ते एवढेच: जांभळ्या तारेच्या विजेवर जागा असलेला मदरबोर्डवरील एक लहान भाग त्या दाबाची नोंद घेतो आणि हिरवी तार खाली ओढतो. ‘शट डाउन’ म्हटल्यावर याच्या उलट घडते. उघडलेल्या फाइली मिटवून झाल्या की प्रणाली हिरवी तार सोडून देण्यास सांगते. मुख्य पुरवठा थांबतो, लहान पुरवठा चालूच राहतो. संगणक अडकून पडला असता बटण चार सेकंद दाबून धरले की तो बंद होतो, हे आपण जाणतोच. पण तेव्हाही फक्त मुख्य पुरवठाच थांबतो. जांभळी तार जिवंतच असते.

आपल्या आजी-पणजी रात्री चूल पूर्ण विझवीत नसत. चार निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की जाळ होई. काडेपेटी सहज मिळत नसे तेव्हा ही मोठी सोय होती. पण रात्री चूल थंड दिसते म्हणून कोणी तीत हात घालीत नसे, कारण राखेखाली विस्तव आहे हे घरातल्या सर्वांना माहीत असे. संगणकाच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट आपण विसरतो.

माऊसपर्यंत वीज कशी पोहोचते?

येथे कोणी विचारील की, बटणाची नोंद घेण्यापुरती वीज जागी असली तर समजू शकते. पण ती माऊस आणि कीबोर्डपर्यंत कशाला जाते?

याचे उत्तर ‘बंद’च्या पायऱ्यांत आहे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी ‘ए.सी.पी.आय.’ नावाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत संगणकाच्या अवस्था क्रमांक देऊन सांगितल्या आहेत. एस-० म्हणजे पूर्ण जागा. एस-३ म्हणजे झोप: प्रोसेसर थांबलेला, पण स्मृतीत चालू काम राखून ठेवलेले. एस-४ म्हणजे दीर्घ निद्रा: काम डिस्कवर उतरवून ठेवून बाकी सर्व थांबवलेले. एस-५ म्हणजे आपण ज्याला ‘बंद’ म्हणतो ते. मौजेची गोष्ट अशी की, या नियमांत एस-५ला ‘मऊ बंद’ असे नाव आहे. भिंतीपासून वीज तोडल्यानंतरच्या अवस्थेसाठी जी-३ ही निराळी खूण असून तिला ‘यांत्रिक बंद’ म्हटले आहे. आपण एकाच शब्दाने ज्या दोन गोष्टी दाखवतो, त्या अभियंत्यांनी आरंभापासूनच वेगळ्या मानलेल्या आहेत.

संगणक झोपेत, म्हणजे एस-३ मध्ये असताना कीबोर्डची कळ दाबून किंवा माऊस हलवून त्याला जागे करता यावे, अशी आपली अपेक्षा असते. त्यासाठी या साधनांना झोपेतही वीज मिळाली पाहिजे, आणि तेव्हा मुख्य पुरवठा तर थांबलेला असतो. म्हणून मदरबोर्ड तयार करणारे यू.एस.बी.च्या काही जागा जांभळ्या तारेच्या विजेशी जोडतात. यू.एस.बी.लाही ५ व्होल्टच लागतात आणि स्टँडबाय पुरवठाही ५ व्होल्टचाच, त्यामुळे ही जोडणी सोपी पडते. परंतु ती जोडणी ‘झोप’ आणि ‘बंद’ यांत पुष्कळदा भेद करीत नाही. एस-३ साठी दिलेली वीज एस-५ मध्येही तशीच वाहत राहते, आणि माऊसचा दिवा जळतो. मोबाईल चार्ज करण्याची सोय म्हणूनही काही उत्पादक ही वीज मुद्दाम चालू ठेवतात. लॅपटॉपवर अशा जागेशेजारी बहुधा विजेची किंवा बॅटरीची लहान खूण असते.

हे पडताळून पाहण्यासाठी मी घरच्या संगणकावर एक साधा प्रयोग केला. ‘शट डाउन’ केल्यावर माऊसचा दिवा जळत होता. भिंतीवरचे बटण बंद केले, तरी तो लगेच गेला नाही; काही क्षण टिकून मग मंदावत विझला. एस.एम.पी.एस.मधील धारित्रांत, म्हणजे कपॅसिटरांत, साठलेली वीज संपेपर्यंतचा हा अवधी. दुसऱ्या वेळी भिंतीचे बटण बंद करून लगेच संगणकाचे समोरचे बटण दाबले. पंख्याने किंचित हिसका दिला आणि दिवा तत्काळ गेला, कारण उरलेली वीज त्या फुकट गेलेल्या प्रयत्नात खर्च झाली. मग भिंतीचे बटण चालू केले, आणि संगणक बंदच असूनही माऊसचा दिवा पुन्हा लागला. शेवटी माऊस वेगवेगळ्या जागी लावून पाहिला; काही जागी दिवा लागला, एका जागी लागला नाही. म्हणजे सर्व जागा सारख्या जोडलेल्या नसतात. यातून निष्कर्ष एकच निघतो: माऊसचा दिवा संगणकाच्या बटणाचे ऐकत नाही, तो भिंतीच्या बटणाचे ऐकतो.

आतील बॅटरीबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करता येईल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक ३ व्होल्टची बॅटरी असते, हे खरे. तिच्यावर फक्त घड्याळ आणि थोड्या नोंदी चालतात. माऊसचा दिवा पेटवण्याइतका जीव तिच्यात नाही. तसे असते तर ती काही तासांतच संपली असती.

लुकलुकणारा हिरवा ठिपका

नेटवर्कच्या केबलजवळचा ठिपका बंद संगणकावरही का लुकलुकतो, याचे कारण याहून रंजक आहे. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक असतात. त्यांच्यावर रात्री दुरुस्तीचे काम करावयाचे तर प्रत्येकापाशी जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून दूरवरून केबलमधून निरोप पाठवून संगणक चालू करण्याची युक्ती निघाली. ए.एम.डी. आणि हेवलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी ती सिद्ध केली आणि १९९५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या निरोपाला ‘मॅजिक पॅकेट’ असे नाव आहे, पण त्यात जादू मुळीच नाही. आरंभी २५५ हा अंक सहा वेळा, आणि त्यानंतर त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा सहा अंकांचा पत्ता लागोपाठ सोळा वेळा. असा हा एकंदर १०२ अंकांचा निरोप. बंद संगणकाचे नेटवर्क कार्ड स्टँडबाय विजेवर जागे राहून केबलमधून येणारे निरोप न्याहाळीत असते. आपलेच नाव सोळा वेळा पुकारले गेले की ते मदरबोर्डला उठवते. नाव इतक्या वेळा घेण्याचे कारण हेच की, दुसऱ्या कोणाच्या संभाषणात ते चुकून एकदा आले म्हणून यंत्र दचकून उठू नये.

ज्यांची चूल वेगळी

आतापर्यंत ज्यांचा विचार केला ती साधने संगणकाकडून वीज घेतात. मॉनिटर, प्रिंटर, मोठे स्पीकर यांची गोष्ट निराळी. त्यांची स्वतंत्र केबल थेट भिंतीला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला गेलेली असते, तेव्हा संगणक बंद झाल्याचे त्यांना कोणी सांगत नाही. मॉनिटरला चित्र येणे थांबले एवढे कळते, म्हणून तो पडदा काळा करून लहान दिवा लावून वाट पाहत बसतो. स्पीकरचे अनेक प्रकार असे असतात की त्यांचे बटण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी दाबाच्या बाजूला असते. बटण बंद असले तरी ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या विजेवर चालूच राहतो. अशा स्पीकरच्या मागे हात लावून पाहिला तर तो कोमट लागतो. ती ऊब म्हणजे फुकट गेलेली वीज. यू.पी.एस. तर आपली बॅटरी भरून ठेवण्यासाठी चोवीस तास वीज घेतच असतो.

कधी याच्या उलटही घडते. स्वतःची वीज असलेला यू.एस.बी. हब संगणकाला जोडलेला असेल आणि त्याची रचना सदोष असेल, तर तो संगणकाकडेच उलटी वीज ढकलतो. मग संगणकाची पिन काढली तरी आतला एखादा दिवा मिणमिणत राहतो आणि पाहणारा चक्रावून जातो.

किती वीज खर्च होते?

हिशेब सोपा आहे. एक वॉट वीज वर्षभर अखंड वापरली तर ८,७६० वॉट-तास, म्हणजे ८.७६ युनिटे होतात. एकट्या माऊसचा दिवा काढला तर बाब क्षुल्लक आहे. कमी वीज घेणाऱ्या यू.एस.बी. साधनाला १०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे फार तर अर्धा वॉट. पण दिव्याच्या मागे एस.एम.पी.एस.ची स्वतःची गळती, मॉनिटर, स्पीकर आणि यू.पी.एस. असतात. समजा, या सर्वांचे मिळून एका टेबलामागे ८ वॉट धरले आणि संगणक दिवसाचे १६ तास बंद असतो असे मानले, तर वर्षाला सुमारे ४७ युनिटे होतात. तीस संगणकांच्या प्रयोगशाळेत हाच आकडा सुमारे १,४०० युनिटांवर जातो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक ठिकाणी ते कमीअधिक होतील. परंतु कोणी काहीही काम करीत नसताना एवढी वीज जाऊ शकते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जगाने तसा विचार केलाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ अॅलन मायर यांनी, तिष्ठत असलेल्या उपकरणाने एका वॉटहून अधिक वीज घेऊ नये, अशी कल्पना १९९८ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती उचलून धरली. २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी तसा आदेश काढला. युरोपीय संघाने २००८ साली केलेल्या नियमानुसार तेथे विकल्या जाणाऱ्या घरगुती व कार्यालयीन उपकरणांना बंद अवस्थेत २०१० पासून १ वॉटची, आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा आली. याचा फायदा आपल्यालाही झाला आहे, कारण तेच मदरबोर्ड इकडेही विकले जातात. बऱ्याच मदरबोर्डांच्या ‘बायॉस’मध्ये ‘ई.आर.पी.’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की बंद अवस्थेत यू.एस.बी. आणि नेटवर्क कार्ड यांची वीज तोडली जाते आणि फक्त समोरच्या बटणापुरताच भाग जागा राहतो. माऊसचा दिवा जाऊन हवा असेल, तर त्याचे औषध यात आहे.

खरा धोका कोठे आहे?

विजेच्या बिलाहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. संगणक ‘बंद’ आहे या समजुतीने पुष्कळजण पेटी उघडून धूळ झाडतात, स्मृतीची पट्टी बदलतात किंवा सैल झालेली केबल दाबून बसवतात. या वेळी जांभळ्या तारेतून मदरबोर्डला वीज मिळत असते. ५ व्होल्टने माणसाला धक्का बसत नाही, हे खरे. पण अशा जिवंत बोर्डावर पट्टी काढली-घातली किंवा स्क्रू पडून दोन बिंदू जोडले गेले, तर हजारो रुपयांचे भाग क्षणात जळू शकतात. अनेक मदरबोर्डांवर स्टँडबाय वीज चालू असल्याची खूण म्हणून एक लहान दिवा दिलेला असतो. तो विझल्याखेरीज आत हात घालू नये.

खुद्द एस.एम.पी.एस.चा डबा तर घरी कधीच उघडू नये. त्यात २३० व्होल्टच्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर होताना तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, आणि तो झेलणारी धारित्रे पिन काढल्यानंतरही काही काळ भरलेली राहू शकतात. हा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो, पुन्हा ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात गडगडाट होतो. जवळपास वीज पडली तर तारांमधून मोठा दाब वाहत येतो, आणि संगणक ‘मऊ बंद’ असेल तर त्याची वाट मोकळीच असते. भिंतीचे बटण बंद केले म्हणजे पूर्ण संरक्षण झाले, असेही नाही. एक तर ते बटण दोन तारांपैकी एकच तोडते. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असेल, तर फेज जोडलेलीच राहते. दुसरे म्हणजे, बटणाच्या आतील काही मिलिमीटरांचे अंतर आकाशातल्या विजेला अडवू शकत नाही. म्हणून गडगडाट सुरू होण्याच्या आधीच पिन काढून ठेवावी, आणि इंटरनेटची केबलही. पुष्कळदा संगणकाचे नुकसान विजेच्या तारेने नव्हे, तर या दुसऱ्या तारेने होते.

मग करावे काय?

रोजच्या वापरासाठी क्रम असा ठेवावा. प्रथम पडद्यावरून ‘शट डाउन’ करावे आणि ते पूर्ण होऊ द्यावे. काम चालू असताना भिंतीचे बटण बंद करणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे; त्यात लिहिलेले नष्ट होण्याचा संभव असतो. नंतर शाईचा प्रिंटर असल्यास तो त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तो बंद होताना शाईची तोंडे जागेवर नेऊन झाकतो. एकदम वीज तोडली तर ती उघडी राहून शाई वाळते. त्यानंतर मॉनिटर, स्पीकर आणि संगणक ज्या एक्स्टेंशन बोर्डावर आहेत, त्याचे एकच बटण बंद करावे. यू.पी.एस. असेल तर त्याचेही बटण बंद करावे, नाहीतर भिंतीची वीज गेली असे समजून तो आपल्या बॅटरीवर पुरवठा चालूच ठेवील. लांबच्या सुट्टीत पिना काढून ठेवाव्यात. पण यू.पी.एस.ची बॅटरी महिनोन्महिने रिकामी पडून राहिली तर खराब होते, म्हणून मधूनमधून ती भरून घ्यावी.

भिंतीवर प्रत्येक सॉकेटला बटण असण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. पुष्कळ देशांत ती नाही. तेथे पिन उपसण्यावाचून इलाज नसतो. आपल्या हाताशी असलेल्या या सोयीचा आपण उपयोग करीत नाही, एवढेच.

स्टँडबाय वीज ही वाईट गोष्ट आहे, असे मला सुचवावयाचे नाही. तिच्यामुळे संगणक काम नीट आवरून मग थांबतो, एका कळीने जागा होतो, दूरवरून हाक मारली तरी उठतो. ज्या कार्यालयाला ही सोय हवी आहे, त्याने ती अवश्य ठेवावी. पण ती ठेवायची की नाही, हे आपण जाणून ठरवले पाहिजे. ते यंत्र तयार करणाऱ्यावर सोडू नये.

तात्पर्य, ‘बंद’ हा शब्द आता एकट्याने पुरेसा राहिलेला नाही. कोणत्याही नव्या उपकरणाच्या बाबतीत, ते बंद आहे असे आपण म्हणतो तेव्हा वीज नेमकी कोठे तोडली गेली आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. दूरचित्रवाणी संच असो, वातानुकूलन यंत्र असो, वा मोबाईलचा चार्जर असो. रिमोटने किंवा हलक्या स्पर्शाने जे बंद होते, ते बहुधा ‘मऊ बंद’ असते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातून सर्वांत शेवटी बाहेर पडणाऱ्याने जाताना एकदा टेबलांखाली पाहावे. तांबडे दिवे जळताना दिसले, तर बोर्डाचे बटण बंद करण्यास अर्धे मिनिट पुरते.